दातातलं सिमेंट का निघतं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला फारसं काही विचारता येत नाही. तोंड उघडं, गालात कापसाचे बोळे, ओठाच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी. जे काय विचारायचं ते शेवटी, चूळ भरून झाल्यावर, पैसे देता देता. अशाच वेळी विचारलेला एक प्रश्न माझ्या मनात पुष्कळ वर्षं राहिला. आजचं बोलणं त्या प्रश्नाविषयी आहे.

गोष्ट २००३ सालची. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या एक काकू माझ्याकडे आल्या. चार वर्षांपूर्वी मीच त्यांच्या खालच्या दाढेत पांढरं सिमेंट भरलं होतं. सिमेंट हा त्यांचा शब्द, आम्ही त्याला कंपोझिट म्हणतो. ते जेवताना निघून आलं होतं आणि त्यांनी ते कागदाच्या पुडीत बांधून आणलं होतं. मी तुकडा पाहिला. कुठे तडा नाही, कुठे झीज नाही. जसा भरला होता तसाच अखंड निघाला होता.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. सुपारी खाता का? चिक्की, ऊस? त्या नाही म्हणाल्या. मग मी म्हणालो, "झोपेत दात खात असाल." त्यावर काकू म्हणाल्या, "डॉक्टर, सिमेंट धड आहे, दाढही धड आहे. मग चिकटलेलं सुटलं कशानं? आमच्यात टाका उसवला की आधी कापड बघतात. कापड विरलेलं असलं तर दोरा कितीही चांगला घ्या, टाका धरत नाही."

मी हसलो. "दात म्हणजे काही कापड नव्हे, काकू," असं म्हणून नवं सिमेंट भरलं, पुन्हा पैसे घेतले आणि कडक काही खाऊ नका, असं बजावून त्यांना पाठवलं.

आज सांगायला हवं की काकूंचं म्हणणं बरोबर होतं. दाताच्या आत खरोखरच एक कापड असतं, ते विरतं, आणि ते विरवणारी द्रव्यं बाहेरून येत नाहीत, दातातच असतात. ती आहेत विकरं, म्हणजे इंग्रजीत ज्यांना एन्झाइम म्हणतात ती.

हे समजण्यासाठी आधी दात कसा घडलेला आहे ते पाहू. आपल्याला दिसतो तो पांढरा, चकचकीत थर म्हणजे दंतवल्क, अर्थात इनॅमल. वजनाच्या हिशेबात ते सुमारे ९६ टक्के खनिज असतं, जवळजवळ दगडच म्हणा ना. त्याच्या आत दंतिन, म्हणजे डेंटिन. ते वेगळं असतं. त्यात खनिज सुमारे ७० टक्के, पाणी १० टक्के, आणि उरलेले २० टक्के सेंद्रिय द्रव्य. या सेंद्रिय द्रव्याचा मोठा भाग म्हणजे कोलॅजन नावाचं प्रथिन. आपल्या कातडीत आणि हाडांत असतं तेच. कोलॅजनचे अतिशय बारीक धागे एकमेकांत विणलेले असतात आणि त्यांच्या अवतीभवती खनिज भरलेलं असतं. शिवाय दंतिनात हजारो सूक्ष्म नळ्या असतात, त्यांतून सतत थोडा द्रव झिरपत असतो. म्हणजे दंतिन हे जिवंत दाताचं ओलसर अंग आहे.

आता दात भरण्याकडे येऊ. आपल्या आजीआजोबांच्या दाढांत चांदी भरलेली असायची. ती खरं तर पारा आणि चांदी, कथील, तांबं यांचं मिश्रण. ही चांदी दाताला चिकटत नाही. तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा खड्डा कोरायचा आणि त्यात ती ठासून बसवायची. त्यासाठी कधी कधी चांगला दातही कोरावा लागे. पण थोड्याफार ओलाव्यानं तिचं काही बिघडत नसे.

पांढरं फिलिंग मात्र चिकटवावं लागतं. चिकटवायचं कसं, याचं उत्तर अमेरिकेतल्या रोचेस्टर इथल्या मायकेल ब्युनोकोर या दंतवैद्यकाच्या संशोधकानं १९५५ साली दिलं. धातूच्या पत्र्यावर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत त्याला आधी फॉस्फरिक आम्ल लावतात, हे त्यांना माहीत होतं. तेच आम्ल त्यांनी दंतवल्काला लावून पाहिलं. आम्लानं पृष्ठभाग खरखरीत होतो, त्यावर असंख्य सूक्ष्म खळगे पडतात. त्या खळग्यांत पातळ रेझिन, म्हणजे एक प्रकारची कृत्रिम राळ, शिरते आणि घट्ट होऊन अडकून बसते. दंतवल्काशी जुळलेला हा सांधा फार टिकाऊ निघाला. आजही आपण त्याच युक्तीवर विसंबून आहोत.

पण कीड दंतवल्कावर थांबत नाही. ती दंतिनात उतरते, आणि बहुतेक फिलिंगांचा तळ दंतिनातच असतो. इथे आम्ल लावलं की काय होतं? वरच्या काही मायक्रॉनमधलं खनिज विरघळून जातं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली, तर हा थर केसाच्या दहाव्या भागाएवढा. खनिज गेलं की मागे उरतं ते कोलॅजनचं उघडं जाळं, पाण्यात तरंगत असलेलं. काकूंच्या भाषेत, खळ धुऊन काढलेलं ओलं कापड.

या कापडातून राळ आरपार मुरवता आली, तर दात आणि राळ मिळून एक नवाच थर तयार होतो. जपानमधले संशोधक नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये हा थर दाखवून दिला आणि त्याला संकरित थर, म्हणजे हायब्रिड लेयर, असं नाव मिळालं. अर्धा दात, अर्धी राळ. दंतिनातलं पांढरं फिलिंग तुमच्या तोंडात टिकून असतं ते याच थराच्या जोरावर.

अडचण अशी की ही राळ शेवटच्या धाग्यापर्यंत पोहोचतेच असं नाही. दात फार वाळवला तर जाळं बसतं, ओल्या पदराच्या घड्या एकमेकींना चिकटाव्यात तसं, आणि राळेला आत शिरायला वाट उरत नाही. फार ओला ठेवला तर जागा पाण्यानंच अडवलेली असते. दंतवैद्याला या दोहोंच्या मधली ओल साधावी लागते, तीही काही सेकंदांत, तोंडासारख्या दमट जागी. हात कितीही तयार असला तरी संकरित थराच्या तळाशी काही धागे राळेवाचून उघडे राहतातच. नेमके तेच पुढे घात करतात.

आता आपल्याला थोडं दातांपासून दूर जावं लागेल, थेट बेडकाच्या पिल्लापर्यंत. पाण्यात पोहणाऱ्या या पिल्लाला शेपूट असतं. त्याचा बेडूक होताना ते शेपूट गळून पडत नाही, आतल्या आत विरघळून जातं. हे कसं होत असेल? कोलॅजनचे धागे तर इतके चिवट की साधी पाचक विकरंही त्यांच्यापुढे हात टेकतात. जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर या दोन संशोधकांनी १९६२ साली दाखवून दिलं की पिल्लाच्या शेपटीच्या पेशी स्वतःच एक विकर तयार करतात आणि ते कोलॅजन तोडतं. पुढे या विकराची भावंडं माणसातही सापडली. त्या कुळाचं नाव मोठं आहे, मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज. आपण त्यांना एमएमपी म्हणू. प्रत्येकाच्या गाभ्याशी जस्ताचा एक अणू असतो, आणि धागा तोडण्याचं काम त्या जस्ताच्या आधारानं होतं.

ही विकरं मुळात वाईट नाहीत. जखम भरून येताना, हाड वाढताना जुनं काढून नवं बसवावं लागतं, तिथे ती लागतात. दात घडतानाही ती कामाला होती. काम झाल्यावर काही तिथेच राहिली आणि दंतिनात खनिज भरत गेलं तशी जणू भिंतीत चिणली गेली. चिणली गेली, पण नष्ट झाली नाहीत. त्यांच्या जस्तावर एक झाकण बसलेलं असतं, त्यामुळे ती निष्क्रिय असतात. आम्ल आलं की दोन गोष्टी होतात. भोवतालचं खनिज विरघळून ती मोकळी होतात, आणि झाकणही निघतं. कुंभकर्ण जागा होतो. आणि जागा झाल्यावर समोर काय वाढून ठेवलेलं असतं? तेच उघडं कोलॅजन, तेही पाण्यासकट. या विकरांना पाणी लागतंच, कारण पाण्याचा रेणू वापरूनच ती धागा तोडतात.

हे सारं दातांच्या बाबतीत लक्षात यायला १९९० चं दशक सरत आलं होतं. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठातले लिओ चॅदरहाने आणि त्यांचे सहकारी किडलेल्या दातांचा अभ्यास करत होते. कीड म्हणजे जंतूंचं काम, असं आपण शिकत आलो. त्यांनी १९९८ मध्ये असं मांडलं की जंतूंचं आम्ल खनिज विरघळवतं हे खरं, पण त्यानंतर उघडं पडलेलं कोलॅजन तोडण्यात आपल्याच विकरांचा मोठा हात असतो. कुंपणच शेत खातं, असं आपण म्हणतो त्यातलाच हा प्रकार.

मग २००४ मध्ये अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेज ऑफ जॉर्जियाचे डेव्हिड पॅशली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. दंतिनाचे तुकडे आम्लानं खरवडून त्यांनी ते वेगवेगळ्या द्रवांत ठेवले. काही कृत्रिम लाळेत, काही विकरांना रोखणारी रसायनं घातलेल्या लाळेत, तर काही खनिज तेलात. जंतूंना वाव ठेवला नव्हता. अडीचशे दिवसांनी पाहिलं तर नुसत्या लाळेतल्या तुकड्यांवरचं कोलॅजनचं जाळं जवळजवळ नाहीसं झालं होतं. विकरांना रोखलं होतं तिथे ते शाबूत होतं. आणि तेलात, जिथे पाणीच नव्हतं, तिथेही शाबूत होतं. जंतू नसताना कोलॅजन खाल्लं गेलं, तेव्हा खाणारा घरातलाच होता, हे उघड झालं.

तो लेख मी प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभरानं वाचला. वाचताना मला काकूंची ती पुडी आठवली.

पुढच्या संशोधनातून आणखी एक टोळी सापडली, कॅथेप्सिन नावाच्या विकरांची. यांचं काम कसं चालतं ते स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलं आहे. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्च्या पपईचा तुकडा घालतो. पपईच्या चिकात पपेन नावाचं विकर असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. दंतिनातली कॅथेप्सिनं या पपेनच्याच कुळातली. दाताच्या आत, फिलिंगच्या खाली, पपईचा एक अगदी लहान तुकडा ठेवलेला आहे अशी कल्पना करा. तो एका दिवसात काही करत नाही. महिने लागतात, वर्षं लागतात. पण काम थांबत नाही.

त्यातच दुसऱ्या बाजूनं राळेवरही हल्ला चालू असतो. लाळेत एस्टरेज जातीची विकरं असतात, ती राळेतले रासायनिक बंध हळूहळू तोडतात. पोकळी वाढते, तिथे पाणी शिरतं, आणखी धागे उघडे पडतात. प्रयोगशाळेत पाहिलं तर दंतिनाशी जुळलेल्या सांध्याची ताकद वर्षा-दीड वर्षात लक्षणीय उतरते. तोंडात मात्र कडेचं दंतवल्क सांभाळून घेतं म्हणून फिलिंग लगेच पडत नाही. पण जिथे दंतवल्काची कडा राहिलेलीच नसते, उदाहरणार्थ दोन दाढांच्या फटीत हिरडीलगत, तिथे हा सांधा उघडा पडतो. मग थंड पाणी लागलं की दात शिवशिवतो, कडेला तपकिरी रेघ दिसते, नवी कीड आत शिरते.

मग यावर उपाय काय? शत्रू कळल्यावर संशोधकांनी सगळ्यात आधी हाताशी असलेलं औषध उचललं. गुळण्या करण्यासाठी आम्ही जे क्लोरहेक्सिडिन देतो ते जंतुनाशक तर आहेच, पण एमएमपींनाही रोखतं. ब्राझीलमधल्या हेब्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मुलांच्या दुधाच्या दाढांवर हा प्रयोग केला. लवकरच पडणार असलेल्या या दाढांत त्यांनी फिलिंग केलं. काही दाढांत आम्लानंतर दोन टक्क्यांचं क्लोरहेक्सिडिन लावलं, काहींत नाही. सहा महिन्यांनी दाढा पडल्या तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. औषध न लावलेल्या दाढांत संकरित थर विस्कटत चालला होता, लावलेल्यांत तो नीट होता. पुढे २००७ मध्ये कारिल्यो आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांच्या दातांत चौदा महिन्यांनी हेच पाहिलं. औषधाविना सांध्याची ताकद सुमारे एक तृतीयांशानं घटली होती, औषध लावलेल्या दातांत ती टिकून होती.

त्या वेळी आम्हा दंतवैद्यांमध्ये बराच आनंद पसरला होता. गल्लोगल्ली मिळणारं स्वस्त औषध, आणि प्रश्न सुटला! पण विज्ञान असं एका घासात गिळता येत नाही. क्लोरहेक्सिडिन कोलॅजनला कायमचं बांधलेलं नसतं, ते हळूहळू निघून जातं आणि विकरं पुन्हा मोकळी होतात. रुग्णांवर काही वर्षं लक्ष ठेवून केलेल्या अनेक चाचण्यांत औषध लावलेली आणि न लावलेली फिलिंगं सारखीच टिकली. प्रयोगशाळेत दिसलेला फायदा माणसाच्या तोंडात तेवढ्या ठळकपणे दिसला नाही. इथे एक सूचनाही द्यायला हवी. हे ऐकून कुणी घरी या औषधाच्या गुळण्या सुरू करू नयेत. ते फिलिंगच्या खाली पोहोचत नाही, आणि फार दिवस वापरलं तर दातांवर डाग पडतात.

दुसरी वाट आपल्या ओळखीची आहे. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात कमावतात, हे आपल्याला माहीत आहे. कच्चं कातडं चार दिवसांत कुजतं, कमावलेलं वर्षानुवर्षं टिकतं. कारण सालीतली टॅनिनं कातडीतल्या कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकतात आणि मग ते तोडणाऱ्या विकरांची डाळ शिजत नाही. दातातलं कोलॅजन असंच कमावता येईल का, यावर बरंच काम झालं आहे. त्यासाठी द्राक्षांच्या बियांतली टॅनिनच्याच जातीची द्रव्यं वापरून पाहिली. धागे मजबूत होतात हे खरं. पण दंतिनाला तपकिरी रंग चढतो, आणि पांढऱ्या फिलिंगाखाली तपकिरी रंग कुणाला हवा असतो? शिवाय कातडं कमवायला दिवसच्या दिवस लागतात, खुर्चीतल्या माणसाकडे मिनिटंच असतात. कमी वेळात काम करणाऱ्या, रंग न देणाऱ्या रसायनांवरही काम झालं आहे.

तिसरी वाट मला स्वतःला सगळ्यात शहाणपणाची वाटते. कापड उघडं पाडूच नका! आता सौम्य आम्लाची अशी चिकटद्रव्यं मिळतात की ती दंतिनातलं सगळं खनिज काढून टाकत नाहीत. थोडं खनिज धाग्यांभोवती राहू देतात आणि त्यातल्या कॅल्शियमशी रासायनिक नातं जोडतात. जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेलं एमडीपी नावाचं द्रव्य यात फार उपयोगी ठरलं आहे. कडक आम्ल फक्त दंतवल्काच्या कडेला लावायचं आणि दंतिनाला सौम्य द्रव्य, अशी पद्धत आता पुष्कळ जण वापरतात. तसंच ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट आहे. ते आम्लानं खरवडल्याशिवायच दाताच्या खनिजाशी जुळतं. खोल खड्ड्यात तळाशी ते घालून वर कंपोझिट भरता येतं. या खालच्या थराला आम्ही लायनिंग म्हणतो.

हे ऐकून कुणाला वाटेल, मग चांदीच बरी होती. तसं मी म्हणणार नाही. चांदीत पारा आहे, आणि पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ मध्ये स्वीकारलेला मिनामाता करार २०१७ पासून लागू झाला आहे. युरोपीय संघानं तर १ जानेवारी २०२५ पासून दातांत असं मिश्रण भरायला, काही अपवाद सोडले तर, बंदीच घातली. तुमच्या दाढेत जुनी चांदी नीट असेल तर ती मुद्दाम काढायचं कारण नाही, पण यापुढचे दिवस चिकटवायच्या फिलिंगांचेच आहेत. आणि ती काही इतकी कच्चीही नाहीत. दाढांमधल्या कंपोझिट फिलिंगांच्या अनेक अभ्यासांचा २०१४ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. दहा वर्षांच्या हिशेबानं वर्षाला शंभरात दोन ते अडीच फिलिंगं निकामी झाली होती. म्हणजे बहुतेकांची टिकतात. नीट केली तर, आणि तोंड सांभाळलं तर.

मग एवढी चिंता का करायची? एक फिलिंग निघालं तर दुसरं भरता येतं. पण प्रत्येक वेळी जुनं काढून नवं भरताना दात थोडा जास्त कोरला जातो. छोट्या खड्ड्याचा मोठा होतो, मोठ्याचं रूट कॅनाल होतं, त्यावर कॅप बसते आणि एक दिवस दाढ काढावी लागते. विशी-पंचविशीत भरलेली दाढ सत्तरीपर्यंत न्यायची असेल, तर अशा फेऱ्या जितक्या कमी तितकं बरं. विरलेल्या कापडावर पुन्हा पुन्हा टाके घातले की शेवटी भोकच मोठं होतं.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. दंतवैद्य दाताभोवती रबराचा पडदा बांधत असेल तर कंटाळू नका, तो लाळ आणि ओलावा दूर ठेवण्यासाठी असतो. "लवकर आटपा हो डॉक्टर" हे वाक्य फिलिंगच्या वेळी तरी नको. चिकटद्रव्य मुरायला, त्यातला द्रव उडून जायला आणि निळ्या दिव्याखाली ते घट्ट व्हायला जो वेळ लागतो, तोच तुमच्या फिलिंगचं आयुष्य ठरवतो. फिलिंगच्या कडेला थोडा डाग दिसला म्हणून ते सगळं उकरून काढायलाच हवं असं नसतं. पुष्कळदा तेवढाच भाग दुरुस्त करता येतो, तसं विचारा. दोन वेळा फ्लोराइड असलेल्या पेस्टनं दात घासा. दिवसभर थोडं थोडं गोड खाणं सोडा, कारण गोड खाल्लं की जंतू आम्ल करतात, आणि आम्ल कुणाला जागं करतं ते आता तुम्हाला ठाऊक आहे. आणि वर्षातून एकदा दात दाखवा. खड्डा दंतवल्कातच असताना सापडला तर दंतिनाला हात लावायची वेळच येत नाही. विकरंही तिथे निवांत झोपून राहतात.

काकू पुन्हा आल्या त्या २००६ मध्ये, दुसऱ्या दाढेसाठी. या वेळी खड्डा खोल होता, तळाशी मी ग्लास आयोनोमर घातलं. काय करतोय ते सांगताना लायनिंग हा शब्द आला. काकू चूळ भरून म्हणाल्या, "म्हणजे अस्तर!" मग मी त्यांना विकरांची सगळी हकिगत सांगितली. त्यांचं कापडाचं म्हणणं खरं निघालं हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मागच्या खेपेला सुपारीचं आणि दात खाण्याचं म्हणालात, ते?"

"ते माझं चुकलं," मी म्हणालो.

फिलिंग निघण्याची कारणं अनेक असतात. कधी रुग्णाची हयगय असते, कधी दंतवैद्याच्या हातून काही राहून जातं, आणि कधी दोघांचाही दोष नसतो. कारण माहीत नसताना समोरच्या माणसाच्या खाण्यापिण्यावर बोट ठेवणं सोपं असतं. तेव्हापासून मी ते टाळतो. तुमचं फिलिंग निघालं तर तुकडा टाकून देऊ नका, पुडीत बांधून घेऊन या. त्याची खालची बाजू पाहून पुष्कळ काही कळतं. आणि चूळ भरून झाल्यावर मनात असेल तो प्रश्न विचारा.